पाचर

सोमवार, ३
आलो एकदाचा! आठवडा झाला. ताईनं वही दिलीय. म्हणाली, चार ओळी खरड रोज, नाहीतर चौथीपर्यंतचं तेवढंही विसरशील. डब्यांची झाकणं ठोकायचा कारखाना आहे. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच दणका पडतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. मला रात्रपाळी. दिवसपाळीला त्याच मशीनवर आमच्या शेजारचे काका, त्यांनीच मला इथं चिकटवलं. खोलीत दोघांत खाट एकच. संध्याकाळी काका येतात, उजव्या हातात चहाचा पेला, डाव्या हाताच्या चार बोटांनी माझ्या पाठीवर टकटकटकटक. म्हणतात, उठा राजे, सिंहासन मोकळं करा.

शुक्रवार, ७
माझ्यानं एका जागी बसवत नाही, मग दोन बटणं कशी सोसणार? डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली, ते दाबलेलंच राहतं. डावा हात मोकळा, काम दुप्पट. रात्रीचे सगळेच करतात. पाळी सुटताना आठवणीनं काढायची, बस्स. सुपरवायझर दिसूनही बघत नाही. वर म्हणतो, पोरगं चलाख आहे.
काकांना यातलं काही ठाऊक नाही. ते उजवा पंजा बटणावर टेकवूनच डाव्या हातानं अडकलेला पत्रा काढतात. मशीनवर भरवसा.

बुधवार, १२
पाचर काढायची राहिली.
काल सकाळी. घाईत होतो, आंघोळीचं पाणी संपतं म्हणून. काकांची डावी चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. मी तेव्हा अंगाला साबण लावत होतो.

गुरुवार, १३
सुपरवायझरनं बोलावलं. पाचर टेबलावर ठेवली होती. म्हणाला, म्हाताऱ्यानंच ठोकली ना? कामाचा कंटाळा, दुसरं काय! कागद पुढे सरकवला, साक्षीदार म्हणून सही कर म्हणाला. त्या कागदावर काकांना भरपाई नाही, काम नाही. मी खरं बोललो तर मला हाकलणार.
अक्षर बरं आलं सहीचं. ताईला आवडलं असतं.

शुक्रवार, १४
भर दुपारी झोपलो होतो. पाठीवर टकटकटकटक.
काका दवाखान्यात आहेत. खोलीला आतून कडी.
पंजा टेकला नाही, अंगठा लागला नाही. नुसती चार बोटं. गार.

शनिवार, १५
पाठ भिंतीला लावून झोपलो. भिंतीतून आली.
चहाचा वास येतो. पेला नाही खोलीत.

रविवार, १६
काका आले, बोचकं बांधायला. हाताला हे एवढं फडकं. रागावतील वाटलं होतं. तर म्हणाले, माझंच चुकलं रे, बटण तपासायला नको होतं का मी? ठोकली असेल कुणी पोरानं, त्याला तरी काय माहीत. आणि तू जेवतोस ना नीट, वाळलायस.
ते हे बोलत असताना माझ्या पाठीवर — काका समोर, दोन्ही हात मला दिसतायत — टकटकटकटक.
मी म्हणालो, जेवतो.

सोमवार, १७
काका निघाले. खिडकीतून फाटक दिसतं. बोचकं काखेत. सुपरवायझर तिथंच उभा. धावत गेलो तर अजून —
जातो.
चपला सापडत नाहीत. खरं म्हणजे समोरच आहेत.
टकटक. पाठीवर नाही, खांद्यावर. आता मानेवर. चालत वर येतायत, एकामागून एक —
काका वळले. फडक्याचा हात वर केला. मला.
मी खाली वाकलो. लपलो.
ओठांवर आहेत. चारही. तोंड उघडायला बघतायत. सांग म्हणून — मी दात घट्ट आवळले — दातांच्या फटीत पाचरीसारखं एक बोट — काका फाटकाबाहेर — अजून हाक ऐकू जाईल — मी दात आव