पोनीचा घेर

शहापूर, रविवार, ११ ऑगस्ट २०१३

आज खोटं बोललो. एका सेंटिमीटरचं.

टायफॉइडनंतर माझ्या लेकीचे, प्रज्ञाचे केस गळताहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, दर महिन्याला कोरड्या केसांची पोनी बांधून रबराजवळचा घेर टेपने मोजायचा. घेर कमी व्हायचा थांबला, की औषध लागू पडलं समजायचं. हे काम तिच्या आईचं. ती माहेरी गेली, म्हणून टेप माझ्या हातात आला.

मागच्या महिन्यात सात होता. आज सहा भरला. मी टेप जरा सैल सोडला आणि म्हणालो, "सातच आहे, बेटा."

सकाळीच वरठीच्या अंधश्रद्धाविरोधी सभेत दीड तास गरजून आलो होतो: तपासल्याशिवाय काही मानू नका, मी सांगतो तेही नाही! आणि संध्याकाळी हा सैल टेप. काहून? तिचा चेहरा पडेल म्हणून? की माझाच पडला होता?

प्रज्ञाने हात मागे नेऊन चाचपलं. टेपखाली तिचं बोट आरामात गेलं.

"बाबा, मले काय सभेतली पब्लिक समजून राहिले? घट्ट धरा."

धरला.

"सहा," मी म्हणालो.

तिने वहीत सहा लिहिलं. रडली वगैरे नाही. म्हणाली, "सात सांगितलं असतं तं उद्या डॉक्टरनं हेच औषध चालू ठेवलं असतं ना?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तो सैल टेप अजून बोटांना जाणवतो आहे.

उद्या दवाखान्यात सोबत जाईन. बोलेल मात्र तीच.