वरची शाळा, खालची शाळा

२ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. एक: आपल्या शाळेचा निकाल न्यूयॉर्कच्या अख्ख्या ब्रॉन्क्समध्ये पहिला आणायचा. दोन: साखर बंद. तीन: मुलांवर प्रेम करायचं, वेळ उरला तर.

डिसेंबरात चार्टर संपतंय. सरकारी पैशावर पण आपल्या मर्जीने शाळा चालवायचा शिक्षण मंडळाने दिलेला परवाना, पाच वर्षांचा. निकाल चांगला लागला तर आणखी पाच. नाही तर शाळेला टाळं आणि मुख्याध्यापक घरी. मुख्याध्यापक म्हणजे मी. पण तसं होणार नाही. माझ्याकडे व्हिजन आहे.

८ जानेवारी

इमारत एकच. खालचे दोन मजले साध्या सरकारी शाळेचे, तिसरा आमच्या लॉफ्टी स्कॉलर्स अकॅडमीचा. जेवणाचा हॉल सामायिक, हे दुर्दैव. आमची मुलं टाय लावून, तोंडाला कुलूप घालून रांगेत उतरतात. खालची नुसता बाजार मांडतात.

खालच्या मुख्याध्यापिका पिनॉकबाई जिन्यात भेटल्या. जमैकाच्या, साठी उलटलेल्या. म्हणाल्या, अरे व्हिटकोम बाळा, जेवताना तरी बोलू दे रे लेकरांना, एखाद्याच्या घशात घास अडकला तर कळायचंही नाही. मी हसलो. या वयात नवीन विचार पचत नाहीत. कीव आली.

एक डोनट खाल्ला. लहान होता.

१५ जानेवारी

सराव परीक्षेचा निकाल आला. त्याबद्दल लिहीत नाही.

शांत डोक्याने विचार केला. निकाल म्हणजे शेवटी सरासरी. सरासरी वाढवायची तर कच्च्या मुलांना शिकवायचं, किंवा कच्ची मुलं कमी करायची. शिकवायला फार वेळ लागतो.

काढून टाकता येत नाही, कायदा आडवा येतो. पण आईबापांनी आपणहून नेलं तर? ऑफिसातल्या ओयोलाबाईंना सांगितलं, उद्यापासून कच्च्या मुलांच्या घरी रोज फोन. मोजे काळे नाहीत, फोन. पेन्सिल चावली, फोन. भर कामातून बोलवून घ्या. त्या म्हणाल्या, सर, हाकलायचंच तर सरळ हाकला की, हे हाल हाल करून मारणं कशाला? मी म्हटलं, याला पालकांचा सहभाग म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे, पण मी चर्चला जाते.

२९ जानेवारी

युलेइडी पोलांको, इयत्ता तिसरी. डॉमिनिकन रिपब्लिकहून येऊन दोन वर्षं झाली, इंग्रजी अजून अडखळत. वाचताना प्रत्येक शब्द गरम भांड्यासारखा धरते आणि सोडून देते. अशा मुलीमुळे सरासरीचं काय होतं ते मलाच ठाऊक.

आज तिच्या आईला परत बोलावलं. बाई हॉटेलात खोल्या साफ करते, तशीच ॲप्रनवर आली. इंग्रजी येत नाही, म्हणून स्पॅनिश सांगायला ओयोलाबाई मध्ये. मी अत्यंत हळुवारपणे सांगितलं की मुलगी गुणी आहे, पण तिच्या वेगळ्या गरजांना न्याय देणारी एखादी जागा शोधणं तिच्याच हिताचं ठरेल, आणि असं बरंच. ओयोलाबाईंनी चार शब्दांत उरकलं. बाई रडायला लागली. आमच्या प्रवेशाच्या लॉटरीत पोरीचा नंबर लागला तेव्हा म्हणे तिने घराशेजारच्या अख्ख्या मजल्याला केक वाटला होता. म्हणाली, काय चुकलं तेवढं सांगा साहेब, मी घरी बडवते तिला. मी म्हटलं, बडवू नका. फक्त घेऊन जा.

मी कठोर आहे असं वाटू शकेल. पण ती गेल्यावर मी खिडकीपाशी पूर्ण एक मिनिट उभा होतो.

३ फेब्रुवारी

युलेइडी गेली. कुठे, तर खालच्या शाळेत. दुपारी हॉलमध्ये दिसली. तोंडात घास, आणि बोलतेय! पिनॉकबाई शेजारी बसून ऐकतायत. मुख्याध्यापकाने असं बसू नये.

११ मार्च

मोहीम यशस्वी. वर्गांत आता हवा खेळते.

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. कच्ची मुलं काढली की उरलेल्यांत पुन्हा काही कच्ची सापडतात. आधी लपून बसली असणार. त्यांच्याही घरी फोन सुरू केले.

मुलं कमी म्हणून सरकारी पैसाही कमी. संगीताच्या शिक्षिकेला निरोप दिला. परीक्षेत संगीत नसतं.

२२ ऑगस्ट

निकाल!! सरासरी वाढली! ओयोलाबाईंसाठी केक आणला, त्यांना नको होता, मीच संपवला. यशाचा केक साखरेत धरत नाही.

संध्याकाळी कळलं, खालच्या शाळेची सरासरी आमच्यापेक्षाही वर गेली. आमचीच मुलं घेऊन. याला मी चोरी म्हणतो. पिनॉकबाईंना जिन्यात तसं सूचित केलं. त्या म्हणाल्या, बाळा, चोरी कसली, तू तर जिन्यातून ओतत होतास, आम्ही खाली पातेलं धरलं.

१४ ऑक्टोबर

मंडळाची दोन माणसं तपासणीला आली. मी सरासरीचा आलेख भिंतभर लावला होता. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं कुठे आहेत? अपंग मुलं? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? ते म्हणाले, वस्तीत जशी मुलं आहेत तशी शाळेत हवीत, आणि टिकायला हवीत, हे तुमच्या चार्टरातच लिहिलंय.

पहिलं पान मी वाचलं होतं. बाकीची चांगलीच असणार असं धरून चाललो होतो.

१७ ऑक्टोबर

घाबरायचं कारण नाही. हुशार माणूस सापळ्यातूनही दार काढतो. पाचवीतल्या मातेओला बोलावलं. त्याची आजी स्पॅनिश बोलते. मी म्हटलं, तुला इंग्रजी नीट येत नाही, हो ना? तो म्हणाला, सर, मी स्पेलिंगमध्ये पहिला आलोय, बक्षीस तुम्हीच दिलंत. मी म्हटलं, नीट आठवून बघ. तो ओयोलाबाईंकडे वळून म्हणाला, सरांना बरं नाही का? त्या म्हणाल्या, गेल्या जानेवारीपासून.

२१ ऑक्टोबर

स्वतः खाली गेलो. फुगे घेऊन. गेलेल्या मुलांना परत यायचं आमंत्रण द्यायला, मोठ्या मनाने.

एकही आलं नाही. फुगे मात्र घेतले.

युलेइडीची आई, पोलांकोबाई, तिथल्या स्वयंपाकघरात दिसली, मोठ्या पळीने भात वाढत होती. मला बघून थांबली, मग एक ताट घेऊन मलाही वाढला. माया आहे अजून बाईच्या मनात. तिला डिसेंबरात मंडळापुढे होणाऱ्या चार्टरच्या सुनावणीला यायला सांगितलं, खुणांनी. तिने मान डोलावली. एक कृतज्ञ आई उभी राहिली तर मंडळ विरघळेल.

१० डिसेंबर

सुनावणी. हॉल भरलेला. आमच्या बाजूने बोलायला तीन पालक यायचे होते. एकीला सर्दी झाली, एकाची गाडी बिघडली. तिसरा आला, पण खालच्या शाळेचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला.

मग पोलांकोबाई उठली. नवा स्वेटर, केस नीट बांधलेले. स्पॅनिशमध्ये बोलली, माझ्याकडे हात करून. दोनदा ग्रासियास म्हणाली, म्हणजे धन्यवाद. तेवढा शब्द मला येतो. छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. शेवटी माझी किंमत कळली कुणाला तरी. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवत नव्हतं, तरी बराच वेळ वाजवल्या.

मग मंडळाच्या दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाली होती, या साहेबांचे उपकार आहेत. यांच्या फोनांनी माझी नोकरी गेली. पोरगी रोज सकाळी ओकून शाळेत यायची. मग यांनी आम्हाला हाकललं. देव भलं करो यांचं. खाली गेली म्हणून पोरगी आज धाकट्या भावाला गोष्टी वाचून दाखवते. वर ठेवून घेतली असती तर काय झालं असतं, या विचाराने झोप येत नाही. मंडळापुढे पदर पसरते, वर जी लेकरं उरली आहेत त्यांच्यावरही एवढी दया करा.

मंडळाने केली. एकमताने.

मी अजून उभाच होतो. ओयोलाबाईंनी कोटाला धरून खाली बसवलं.