पलीकडं राहिलेली फरिश्ता

येरेवान, जून २०२५

अब्बा, अम्मी, सलाम.

लढाई पेटल्यावर आम्ही डाक्टरी शिकणारी भारतातली पोरं इराणातून निघालो. आर्मेनियात सुखरूप हाय, जेवण मिळायलंय.

सरहद्दीवर भारताचा पासपोर्ट बघून मला लगेच सोडलं. हॉस्टेलात माझ्या खोलीतली मैत्रीण फरिश्ता अफगाणी, तिला मागं फिरवलं. मी आपल्या वकिलातीच्या साहेबांना म्हणाले, "तिलाबी घ्या ना!"

"बेटी, आपला देश लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलतो, म्हणून तुमची वाट उघडली. तिच्यासाठी आम्ही कुणाला सांगावं?"

एवढी वळख असून एक पोरगी निघत न्हाई? लातूरच्या क्लासात परीक्षेच्या प्रश्नाला चारातलं एक उत्तर तरी बरोबर असायचं. इथं मला काहीच समजंना.

अम्मीचे गुडघे कसे हायत?

घाईत फरिश्ताची वही माझ्या पिशवीत आली. कुठल्या पत्त्यावर धाडू, अब्बा?

तुमची हुस्ना