मोजायचा सामना

५ ऑगस्ट १९९६, सोमवार

आता त्याला थाळी म्हणायचं. सुपर कप नव्हे – थाळी. त्या प्रसिद्ध फुटबॉलपटू क्रायफचं नाव दिलेली थाळी. आरेंडनं बातमी तीनदा वाचून दाखवली. मी बटाटे सोलत होते. साली टाकत होते तीही थाळीच, माझ्या-आरेंडच्या लग्नातली, पत्र्याची. तिच्यावर कुणी बातमी लिहिली नाही.

प्रकार काय, तर लीग जिंकणारा क्लब आणि कप जिंकणारा क्लब हंगाम सुरू व्हायच्या आधी एकमेकांशी खेळणार. म्हणजे जेवून ढेकर दिलेल्या दोघांना पुन्हा पानावर बसवायचं! उपाशी बाहेर उभे आहेत, त्यांना कोण विचारतो. इतकी वर्षं रॉटरडॅमला चालायचं, आता अ‍ॅमस्टरडॅमला, छप्पर असलेल्या मैदानात. छप्पर! पावसात भिजत उभं राहायचं नसेल तर फुटबॉल बघायचा कशाला?

बातमीखाली आधीच्या विजेत्यांची यादी. एक्याण्णवपासून. एकोणपन्नास साल गायब.

आरेंडचा चेहरा पडला. स्खीडामचा आमचा एस.व्ही.व्ही. जिंकला होता तेव्हा, नायमेगनच्या क्विक क्लबला हरवून. तो पहिला सामना. मग बेचाळीस वर्षं कुणाला आठवण झाली नाही. आणि ज्या वर्षी आठवण झाली, त्याच वर्षी आमचा क्लब दोर्द्रेख्तच्या क्लबात मिसळून गेला.

"बेचाळीस वर्षं झोपले," आरेंड म्हणाला, "आणि उठल्यावर म्हणतात आत्ताच उजाडलं."

मग म्हणाला, "उद्या नायमेगनला जाशीलच. तुझ्या त्या मास्तरला सांग, नाचून घे म्हणावं. यादीत नाही."

मास्तर म्हणजे माझा भाऊ लाम्बर्ट.

६ ऑगस्ट, मंगळवार

लाम्बर्ट वृद्धाश्रमातल्या खोलीत खिडकीशी बसून होता. मान आणखी बारीक झालीय, कॉलर गळ्याभोवती बांगडीसारखी फिरते. सिस्टर ओडिलियानं मला बाहेर थांबवून सांगितलं, "हिवाळ्याची आशा धरू नका." साधेपणानं सांगितलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर असंच बोलायच्या – गणितात नापास झाल्याचंही आणि कुणाची आई गेल्याचंही.

आत गेले तर पहिला प्रश्न, "काय म्हणतोय तुझा दारूवाला?" आरेंड जिनच्या भट्टीत होता, निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी हा त्याला दारूवालाच म्हणणार.

मी म्हटलं, "तुझी तब्येत विचारलीय त्यानं."

"खोटं, प्लोनी. यादीबद्दल काय म्हणाला?"

"वाईट वाटलं म्हणाला."

"वाटू दे. दोस्तीचा सामना यादीत कशाला येतोय? मी पहिल्यापासून सांगतोय. सांग त्याला, म्हणावं सांत्वनाला मी ओली बिस्किटं पाठवतोय."

घरी येऊन सांगितलं – लाम्बर्टनं बिस्किटं घ्यायला सांगितलीत, तुला आवडतात म्हणून.

दोन म्हातारे, दोघांची मिळून अक्कल एका बिस्किटाएवढी. आणि मी त्यांची टपालवाली.

७ ऑगस्ट

पाय दुखतात. आरेंडला बिस्किटं आवडली. गाढव.

८ ऑगस्ट, गुरुवार

आरेंड पहाटेच गळ घेऊन गेला. दर गुरुवार. इतक्या वर्षांत एक मासा घरी आला नाही. "आम्ही पकडतो आणि सोडतो." मग धरता कशाला? आज तर हिरवा थर्मासही हरवून आला. कालव्यात पडला म्हणे. मासे सोडतो ते समजू शकते, थर्मास कोण सोडतं?

११ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेत मन नव्हतं. एकोणपन्नास आठवत राहिलं.

शाळा सोडून वर्ष झालं होतं. फुटबॉलच्या मैदानावरून जाताना नजर खाली ठेवायची, ही सिस्टरांची शिकवण अजून मानेत होती. लाम्बर्ट मला घेऊन गेला, क्विकचा पक्का तो. मी पांढरे हातमोजे घातले होते, फुटबॉलला! सामना मला कळलाच नाही. एवढंच कळलं की एका बाजूनं आरडाओरड झाली आणि लाम्बर्टनं टोपी काढून पुन्हा घातली. बाहेर पडताना एक मुलगा आडवा आला, कानांपर्यंत लाल. म्हणाला, "हरलात ना, म्हणून कॉफी माझ्याकडून."

लाम्बर्ट म्हणाला, "हरलो नाही. हा मोजायचा सामनाच नव्हता."

कॉफी मात्र प्यायला. मी हातमोजे काढले.

लग्नात आरेंडच्या दोस्तांनी ती पत्र्याची थाळी आणली, 'सुपर कप विजेता' असं रंगवून. विजय म्हणजे मी! सगळे हसले. लाम्बर्ट उठला आणि म्हणाला, दोस्तीच्या सामन्याला बक्षीस नसतं. कुणी हसलं नाही. आरेंडनं त्याला दार दाखवलं. झालं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. वाढदिवसाला रिंगण करून बसतो, त्यात मी मध्ये. "तुझ्या नवऱ्याला साखर हवी का विचार." "तुझ्या भावाला सांग, हाताशीच आहे."

किती क्षुद्र. एका चेंडूपायी. तोही कुणी मोजला नाही असा.

लाम्बर्ट जायच्या आधी हे दोघं एका खोलीत बसावेत, एवढंच मला हवंय. दुसरं काही मागत नाही. थाळी त्या क्रायफला लखलाभ.

१३ ऑगस्ट, मंगळवार

केलं.

लाम्बर्टला म्हटलं, "रविवारी थाळीचा सामना आहे. आरेंड इथं येऊन बघेल."

"आधी त्यानं कबूल करावं. दोस्तीचा सामना होता म्हणावं."

"केलंय कबूल," मी म्हटलं.

लाम्बर्ट माझ्याकडे बघत राहिला. मास्तर होता ना, मुलं खोटं बोलली की अशीच नजर लावायचा. "आरेंड असं म्हणाला?"

"अगदी याच शब्दांत."

रात्रीच्या जेवणाला आरेंडला सांगितलं, लाम्बर्ट म्हणतोय, तो सामना मोजायचाच होता. आरेंडनं काटा खाली ठेवला. "मास्तर म्हणाला? स्वतःहून?"

"अगदी याच शब्दांत."

सिस्टर म्हणायच्या, चांगल्यासाठी बोललेलं खोटंही खोटंच. सिस्टरांना नवरा आणि भाऊ एकदम सांभाळावे लागले नव्हते.

१४ ऑगस्ट

नव्या मैदानाचं उद्घाटन टीव्हीवर. राणीसुद्धा आली. केवढा थाट. ते छप्पर म्हणजे उलटी ठेवलेली सूपवाटी दिसते. वाटीखाली फुटबॉल, वर थाळी. एक चमचा राहिला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मरियामातेचा सण. मी चर्चला, आरेंड माशांना. धर्म कसला नाहीच त्याला.

परत आला तो शीळ घालत. दोनदा सूप मागून घेतलं. "रविवारी येतो मी," म्हणाला. "मास्तरनं एवढं मन मोठं केलंय, तर आपणही करावं."

दोघं समोरासमोर आले आणि एकानं विचारलं, तू असं म्हणालास ना? तर?

१८ ऑगस्ट, रविवार

पत्र्याच्या थाळीत मसाल्याच्या केकच्या फोडी लावून नेल्या. गाडीत मी जपमाळ ओढत होते.

खोलीत शिरलो. लाम्बर्ट स्वच्छ शर्ट घालून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"वजन वाढलंय तुमचं," लाम्बर्ट म्हणाला. थेट त्याला म्हणाला!

"तुमचं इकडे आलंय," आरेंड म्हणाला, आणि सरळ कोपऱ्यातल्या कपाटातून कप काढून कॉफी ओतायला लागला. लाम्बर्टच्या कपात दोन चमचे साखर, न विचारता. पुरुषांना कामाचं काही सापडत नाही, खायचं मात्र आंधळ्यालाही सापडतं.

टीव्ही लावला. अ‍ॅमस्टरडॅमचा आयाक्स आणि आइंडहोवन. मी म्हटलं, चला, आता बघू या. पण आरेंडनं घसा साफ केला.

"हे बघा मास्तर. मी विचार केला. दोस्तीचाच सामना होता तो."

"छे," लाम्बर्ट म्हणाला. "मोजायचा होता. तुम्ही जिंकलात."

"नाही हो. यादीत कुठाय?"

"यादी करणारे परवा जन्मलेत. मी होतो तिथं. मोजायचा होता."

"दोस्तीचा."

"मोजायचा, म्हणतोय ना! मोजायचा नव्हता, तर मी इतकी वर्षं हरलो काय मग?"

आवाज फाटला त्याचा. मग आरेंड थाळी त्याच्या पुढे धरून म्हणाला, "केक घ्या." लाम्बर्टनं थाळी हातात घेतली, फोडी बाजूला सारल्या आणि उरलेल्या रंगावरून बोट फिरवलं. आता फक्त 'विजे' एवढंच वाचता येतं.

मला कळेना रडावं की दोघांच्या डोक्यात तीच थाळी घालावी. इतकी वर्षं एक बाजू धरून बसले, आणि आता बाजू बदलून तेच भांडण! असे लोक राज्य चालवतात म्हणून देशाचं हे होतं.

टीव्हीवर आयाक्सला तीन गोल बसले. नव्या घरात पहिलं पान वाढलं आणि पाहुणाच जेवून गेला. आम्ही तिघांनीही धड बघितलं नाही. थाळी उंच धरली तेव्हा लाम्बर्ट म्हणाला, "माशाची दिसते."

आरेंड इतका हसला की त्याला ठसका लागला.

२० ऑगस्ट

लाम्बर्ट झोपून होता. पत्र्याची थाळी खिडकीत उभी करून ठेवलीय. परत मागितली नाही. बटाट्याच्या साली कागदावर टाकेन.

२ सप्टेंबर, सोमवार

लाम्बर्ट गेला. पहाटे. सिस्टर ओडिलिया जवळ होती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

काल मातीत ठेवलं. क्विकचे दोन म्हातारे आले होते, काठ्या टेकत. त्यातला एक कॉफीच्या वेळी आरेंडला म्हणाला, "एकोणपन्नासचा तो तर दोस्तीचा सामना होता ना?" आरेंड म्हणाला, "माझ्या मेहुण्याला विचारा." आणि बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला.

फुटबॉलवाल्यांना दुःखही धड करता येत नाही. मध्येच स्कोर विचारतात.

निदान एकदा तरी बसले एका खोलीत. मी बसवलं. एवढं समाधान मला पुरेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सिस्टर ओडिलियाचा फोन. लाम्बर्टची खोली रिकामी केली. पत्र्याची थाळी पाठवते म्हणाली, "आणि तुमच्या यजमानांचा हिरवा थर्मासही. दर गुरुवारी काहीतरी विसरून जायचे. लाम्बर्टसाहेबांनी शपथ घातली होती, प्लोनीबाईंना सांगायचं नाही. आता हरकत नसावी. मी इथं आल्यापासून बघतेय, एक गुरुवार चुकला नाही."

आरेंड स्वयंपाकघरात बसून होता. गळ खुंटीवर.

"काय करायचात तिथं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तू दोघांना काय काय निरोप सांगायचीस, ते ताडून बघायचो. 'यावेळी पदरचं काय घातलंय बघ प्लोनीनं,' लाम्बर्ट म्हणायचा. भांडण मिटलं असतं तर तेही संपलं असतं."