तुझ्या पत्राचं दुसरं पान

पनवेल, रविवार

ती. आईस,
घरातल्या तिघींचा नमस्कार, आणि माझा त्यांच्याहून थोडा वाकून.

लहानपणी मी मावशीचं पाकीट फोडलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "ज्याच्या नावाचं पत्र, त्यानंच वाचावं." इथे ते जमत नाही गं. आम्ही चौघी एकत्र राहतो, स्वयंपाकघर एकच, आणि तुझं पत्र आलं की जेवताना मोठ्यानं वाचायचं, हा नियमच झालाय. शेजारणीचं मांजर तुझ्या पापडांवर झोपलं, हे ऐकून आभाला हसता हसता ठसका लागला. "काकूंना इकडेच आण," म्हणाली.

दुसऱ्या पानावर मात्र मी थांबले. बाबांना जाऊन चार वर्षं झाली तरी तू सकाळी दोन कप चहा टाकतेस, हे तू मला एकटीला लिहिलं होतंस.

"पुढे वाच ना," आभा म्हणाली.

"राहू दे गो," हव्वाबी म्हणाल्या, "ते पान तिचं हाय." आणि मला गरम भाकरी वाढली. त्या क्षणी हे घर मला फार आवडलं.

माझ्या खोलीला आतून कडी आहे, काळजी करू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना?

हव्वाबींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. पण रोज सकाळी चहा जास्त होतो, तो त्या गुपचूप ओतून देतात. मी पाहते आणि विचारत नाही.

तुझं ते पान फक्त त्यांना, दार लावून, वाचून दाखवू का? तू नाहीच म्हणशील. तरी विचारते.

तुझी,
वृंदा