कस्तुरी खेळणार नाही

२१ जुलै २०२५, सोमवार

खेळणार नाही म्हणे! दोन तारखेला सेमीफायनल, इंग्लंडच्या कॅम्पसाठी निवड करणारे खास हिची बोलिंग बघायला येणार, आणि आमच्या कन्यारत्नाने जेवताना जाहीर केलं — मी खेळणार नाही. वरण वाढत होते, पळी हातात तशीच राहिली.

कारण सारा. हिच्याच टीममधली, हिच्यासारखीच फास्ट बोलर. आजी-आजोबा जमैकाहून आलेले. गेल्या महिन्यात ती बॅटिंगला निघाली तेव्हा आमच्याच क्लबच्या दोघातिघांनी पॅव्हिलियनमधून माकडाचे आवाज काढले. तिने तक्रार केली. कमिटी म्हणाली, गंमत होती. वर तिलाच टीममधून काढलं — ॲटिट्यूड बरोबर नाही म्हणे. आता क्लब माफी मागून साराला परत घेत नाही तोवर कस्तुरी बॉलला हात लावणार नाही.

वाईट झालं, मान्य. पण सात वर्षांची होती तेव्हापासून लंडनच्या त्या मेल्या थंडीत पिनरला नेटला नेलंय मी हिला! त्या लोकांच्या भांडणात आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?

२३ जुलै

मी तिच्याशी बोलत नाहीये. ती मात्र बोलते. त्याचाच जास्त राग येतो.

२४ जुलै

रघुवीर मेडनहेडच्या ऑफिसातून आले ते लेकीची समजूत घालायचं ठरवूनच. आधी इंग्लंडची कॅप मिळू दे, मग काय बोलायचं ते बोल, तेव्हा लोक ऐकतील — असं काय काय सांगितलं. मला तर शंभर टक्के पटलं.

कस्तुरी म्हणाली, "बाबा, कॅप मिळाला की मग तुम्ही म्हणणार, गप्प बस, नाहीतर तो जाईल."

'मिळाली' गं, 'ती' — एरवी लगेच सुधारते मी. आज नाही सुधारलं.

२६ जुलै, शनिवार

मराठी मंडळाच्या सुप्रभाताईंचा फोन. सेमीफायनलसाठी मंडळाने बस बुक केलीये, हॅरोहून ढोल घेऊन निघणार होते सगळे. आता हे काय ऐकतोय आम्ही, म्हणाल्या. त्या लोकांसाठी आपल्या मुलीने का नुकसान करून घ्यायचं?

त्या लोकांसाठी! अगदी हेच मी सोमवारपासून मनात घोकतेय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कसंतरीच झालं. कुकरच्या शिट्ट्या होतायत असं खोटंच सांगून फोन ठेवला.

२७ जुलै, रविवार

आज पराक्रम केला. कस्तुरीला न सांगता बेसनाचे लाडू घेऊन क्लबच्या चेअरमनच्या घरी गेले. कॉलिन. आपली पद्धत — घरी जायचं, हातात काहीतरी गोड ठेवायचं, चार शब्द बोलायचे, मार्ग निघतो. पुण्यात तरी निघतो. म्हणणार होते, साराला परत घ्या बाबा, दोन शब्द माफीचे बोला, माझी पोर खेळेल.

त्याने बागेत बसवलं, चहा दिला, "सू" म्हणाला. वर्षानुवर्षं मला सू म्हणतोय. मराठीत सू म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार! लाडू खाल्ला, फार आवडला, दुसरा उचलला. मग साराचा विषय काढला तर हात झटकला.

"तुम्ही लोक कटकट करत नाही," म्हणाला. "म्हणून तर आम्हाला आवडता. कस्तुरीला जरा समजाव."

कटकट करत नाही! इतकी वर्षं मॅचच्या दिवशी क्लबच्या चहापानासाठी सँडविचेस केली, सू म्हटलं तर ओ दिली, कळो न कळो प्रत्येक विनोदाला हसले — म्हणून आवडते होय मी! म्हटलं, "माझं नाव सुचेता. आणि कटकट आता सुरू होतेय." डब्याला झाकण लावलं आणि लाडवांसकट चालती झाले. त्याच्या हातात अर्धा होता, तेवढा राहू दिला.

रस्त्यात रडले. रागाने! घरी येऊन कस्तुरीला सगळं सांगितलं. आधी ओरडली, तुला कुणी सांगितलं होतं जायला. मग पोट धरधरून हसली. आठवड्याने नीट जेवलो दोघी.

३० जुलै

पाटी रंगवली. 'सारासाठी आम्ही बाहेर' — इंग्रजीत, चांगली मोठी अक्षरं. शनिवारी क्लबच्या गेटवर उभं राहायचं, मॅच संपेपर्यंत. रघुवीर म्हणाले, ओळखीचे बघतील. बघू देत की! त्यासाठीच तर रंगवतोय.

कस्तुरीने साराला मेसेज केला. तिच्याकडून नुसतं एक हार्ट आलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

निवड समितीकडून कस्तुरीला फोन. उद्या नाही तर यंदा नाही, एवढं स्वच्छ सांगितलं. फोन ठेवून ती खूप रडली. माझा जीव तुटत होता. पण "खेळू का?" असं तिने विचारलं नाही, आणि "खेळ" असं मी म्हटलं नाही. गेले उडत! क्लबला बोलर हवी असेल तर क्लबने माफी मागावी.

२ ऑगस्ट, शनिवार

पाटी घेऊन गेटवर उभ्या होतो. एक गाडी थांबली नि सारा उतरली, खांद्यावर किटबॅग. कस्तुरी नाही म्हणून तिला बोलावलंय. माफी नाही, काही नाही.

"तुला ते परत बोलावतील, कस्तुरी," ती म्हणाली. "मला पुन्हा नाही बोलावणार."

कस्तुरीने पाटी माझ्या हातात दिली आणि तिच्यासाठी गेट उघडून धरलं. पहिली ओव्हर सारानेच टाकली. निवड समितीची माणसं आतून बघत होती, आम्ही बाहेरून. मॅच संपेपर्यंत पाटी खाली ठेवली नाही.