काजळीवरचे थेंब

६ फेब्रु. ८२, भंडारा
नागपूरहून आत्ताच आले. प्रोग्रॅम पुन्हा फसला. डिझेल इंजिनात फवारा पेटला की दाब कसा चढतो, उतरतो, ते माझ्या आकडेमोडीतून निघतं. पण गाईड सरांच्या कॉलेजच्या इंजिनावर मोजलेल्या आलेखाशी जुळत नाही. माझा दाब एकदम उसळतो नि धपकन खाली. त्यांचा सावकाश उतरतो. गाईड सर म्हणाले, "मार्चअखेर जुळलं नाही तर विषय बदला." तीन वर्षं. पीएच.डी.ची, इथे कॉलेजात गणित शिकवून उरलेल्या वेळातली.

१४ फेब्रु., एकोडी
दादाचं पाण्याचं इंजिन काळा धूर ओकतंय. त्यानं नोझल काढून माझ्याकडे दिलं, भंडाऱ्याला दुरुस्तीला टाक म्हणून. बोटाएवढी वस्तू. टोकाची भोकं डोळे ताणून पाहावी लागतात. तीन वर्षं मी कागदावर यातूनच फवारा सोडतेय, आणि हातात आज पहिल्यांदा! दादाला सांगितलं तर हसत सुटला. "तुह्या कागदावरच्या इंजनात धूर निंगते का नाई?" नाही निघत. लाज वाटली.

१५ फेब्रु.
लांजेवार मिस्त्रींचं दुकान, स्टँडमागे. हातानं दांडा दाबून नोझल तपासतात. दादाचं लावलं तर एकीकडून गळती, दुसरीकडून नुसती पिचकारी. मी बोट पुढे केलं. "हात मांगं घ्या म्याडम, कातडीत घुसते थे." चांगला फवारा कसा असतो, विचारलं. "उद्या या. दाखवतो."

१६ फेब्रु.
दाखवला. चर्र आवाज आणि धुकं. क्षणभरच. पण धुक्यातले सगळे थेंब सारखे कसे असतील? माझ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. सोयीसाठी तसे धरले, मग धरलेत हेच विसरले. शहाणीच मी. दुपारी सुचलं: काचेवर चिमणीची काजळी धरायची, फवाऱ्यासमोरून झटकन न्यायची. थेंब पडेल तिथे गोल उमटेल. मिस्त्री तयार.

२० फेब्रु.
बॉटनीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तीन काचा. सगळे गोल मोजले, मान आखडली. बारीक रगड, मधले कमी, मोठे तुरळक. बॉटनीच्या बाई डोकावल्या: "कशाचे परागकण हे?" डिझेलचे म्हटलं.

६ मार्च
थेंबांचे सात गट केले, नवी कार्डं पंच केली. गठ्ठा नागपूरला कॉम्प्युटर सेंटरवर दिला. एक कार्ड उलटं लागलं असेल तर...

९ मार्च
जुळलं. बारीक थेंब आधी पेटतात, मोठे मागाहून जळत राहतात, म्हणून दाब सावकाश उतरतो. इतकं सरळ होतं. सर खूश. "लिहायला घ्या." एसटीत मांडीवर कागद उलगडून बसले. शेजारची म्हातारी म्हणाली, "कोनाची पत्रिका हाय व बाई?" माझीच, असं सांगावंसं वाटलं.

११ मार्च
मिस्त्रींकडे पेढे नेले. खुशीत बोलून गेले, "तुमी येऊन राहिल्या म्हनून पेटीतला कोरा नोझल लावला होता मी. पाहुन्यापुढं फाटकी सतरंजी कोन टाकते?"
नागपूरच्या इंजिनातलं नोझल वर्षानुवर्षं बदललेलं नाही. झिजलेल्या नोझलचे थेंब मोठे असणार. मग नव्या नोझलचे आकडे घालून जुन्याचा आलेख जुळला कसा? मिस्त्रींवर राग येईना. चूक माझी, मी विचारलंच नाही.

१३ मार्च, नागपूर
सरांना सगळं सांगितलं, इंजिनातलं नोझल दोन दिवस मागितलं. सरांनी जुळलेला आलेख घडी घालून ठेवला. मग, "जुळलेलं कशाला उसवता? कोणी विचारणार नाही." मी म्हटलं, मी विचारतेय. नोझल दिलं, पण बजावलं, "बिघडलं तर विषय गेला. नंतर रडत येऊ नका."

१५ मार्च, भंडारा
मिस्त्री ओशाळलेले. "मले आंगोदर सांगाचं ना, जुनाच पायजे म्हनून." मग दांडा दाबला. आवाज वेगळा, भरडा. तीन काचा झाकून थेट बॉटनीत आणल्या.
विषय जाईल याची भीती वाटतेच. पण काचेखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मला घरी जाववणार नाही, हेही खरं. मोठे गोल जास्त दिसतात. की तसं वाटतंय? मोजायला बसले. पहिली रांग: बारीक एकतीस, मोठे नऊ; नव्याच्या रांगेत मोठे दोन-तीनच होते. आता दुसरी रांग.